शिरूरचा सत्पुरुष व चीनमधील अनाथ प्रेतांची पूजा

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोड नदीच्या कांठीं वसलेलें शिरूर हें गांव आसपासच्या लोकांत घोडनदी या नांवानेंच अधिक ओळखलें जातें. इंग्रजी फौजेची छावणी येथें असतांना तिचा अधिपति कर्नल विल्यम वॉलेस हा इ. स. १८०९ मध्यें मरण पावला व त्याची कबर याच गांवीं बांधली गेली. या कबरीविषयीं इ. स. १८८५ त प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत, पुणें जिल्ह्याच्या भागांत, एक चमत्कारिक हकीकत नमूद आहे. वॉलेसच्या मृत्यूस पाऊणशें वर्षें लोटलीं तरी शिरूरचे लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणत. ब्राह्मण व मारवाडी वगळून गांवचे व आसपासच्या खेड्यांतील सर्व हिंदु त्याच्या कबरीची पूजा करीत. आणि सुगी आली म्हणजे शेतकरी नव्या धान्याचा पहिला वांटा नैवेद्य म्हणून तेथें आणून ठेवीत.

नव्या धान्याचा पहिला वांटा हा कुळाच्या व गांवाच्या देवाचा मान होय. तो एका ख्रिस्ती, परदेशी, गोमांसभक्षक सरदारास कां मिळावा? सामान्यतः असें उत्तर दिलें जातें कीं, साहेब मोठा न्यायी व दयाळू होता म्हणून रयतेनें कृतज्ञतेनें त्यास देव केलें. हें उत्तर राज्यकर्त्यांस सुखविणारें असल्यामुळें एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखकांस तें पटावें यांत नवल नाहीं. आमच्या मतें मात्र ही पूजा दुसऱ्याच एका, फार जुन्या व्यवस्थेंतली आहे. जो मृत आपल्या माणसांपासून दूर राहिला, ज्यास घांस घालणारें कोणी उरलें नाहीं, त्यास गांवानें जागा व अन्न द्यावें, म्हणजे तो उपद्रव न करतां रक्षण करतो, ही ती व्यवस्था होय. आपल्याकडे ती आचारांत आहे, पण तिचें तत्त्व एका ठिकाणीं स्पष्ट लिहून ठेवलेलें क्वचित् सांपडतें. चीन देशांत तें लिहून ठेवलेलें आहे, इतकेंच नव्हे तर सरकारी हुकमानें अंमलांतहि आणलें गेलें होतें. म्हणून शिरूरची गोष्ट समजण्यासाठीं आम्ही वाचकांस थोडा वेळ चीनमध्यें नेतों.

चिनी लोकांच्या प्राचीन बखरींपैकीं ‘त्सो-च्वान’ या ग्रंथांत चेंग नांवाच्या राज्यांतील एक प्रकरण आहे. पो-यू नांवाचा एक मानकरी इ. स. पूर्वीं ५४३ या वर्षीं राज्यांतील तंट्यांत मारला गेला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं नगरांत अशी आवई उठली कीं पो-यू फिरतो आहे. त्यानें ज्यांचीं नांवें घेतलीं तीं माणसें नेमल्या दिवशीं मेलीं असें लोक बोलूं लागले, आणि ‘पो-यू आला’ एवढें कोणीं म्हटलें तरी धांवाधांव होऊं लागली. राज्याचा मुख्य कारभारी त्सु-चान हा मोठा व्यवहारी पुरुष होता. त्यानें मांत्रिक बोलाविला नाहीं. इ. स. पूर्वीं ५३५ त त्यानें पो-यूच्या मुलास बापाच्या जागीं मान व अधिकार दिला, म्हणजे त्या घराण्याची पितृपूजा पुन्हां सुरू करून दिली. आणि उपद्रव थांबला. कारण विचारल्यावर त्यानें जें सांगितलें त्याचा आशय असा कीं, प्रेतास परत जाण्यास ठिकाण असलें म्हणजे तें ‘ली’ होत नाहीं. ‘ली’ म्हणजे घर नसलेलें, भुकेलें व म्हणून घातक झालेलें प्रेत. त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती शिरूरच्या प्रकरणीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: ज्या माणसानें हयातींत मोठा अधिकार भोगला तो अकालीं व बळजबरीनें मेला तर त्याचें प्रेतहि तितकेंच बलवान होतें.

हीच समजूत पुढें कायद्यांत उतरली. मिंग वंशाचा संस्थापक बादशहा हुंग-वू यानें इ. स. १३७० मध्यें असा नियम घातला कीं, राजधानीपासून तालुक्यापर्यंत प्रत्येक ठाण्याच्या हद्दींत अशा बेवारस प्रेतांसाठीं एक ओटा असावा व तेथें वर्षांतून तीनदां बळी द्यावा: वसंतांतील छिंग-मिंगच्या सणास, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस व दहाव्या महिन्याच्या प्रतिपदेस. हा बादशहा स्वतः अनाथ होता. दुष्काळांत व रोगांत त्याचे आईबाप गेले तेव्हां त्यांस पुरण्यापुरती जमीनहि त्याजपाशीं नव्हती. विधीच्या वेळीं वाचावयाच्या मजकुरांत मृतांचे प्रकार मोजून सांगत: शस्त्रानें मेलेले, पाण्यांत बुडालेले, आगींत सांपडलेले, दरोडेखोरांनीं मारलेले, उपासमारीनें गेलेले, श्वापदांनीं खाल्लेले, भिंतीखालीं चिरडलेले व मूलबाळ नसतां मेलेले. आमच्या निबंधकारांच्या दुर्मरणाच्या यादीशेजारीं ही यादी ठेवली तर दोहोंत विलक्षण साम्य दिसून येईल. समारंभाचा अध्यक्ष त्या नगराचा रक्षक देव छंग-ह्वांग हा असे. त्याची मूर्ति किंवा पाटी ओट्यावर आणून मांडीत, म्हणजे भुकेलेल्या गर्दीवर देखरेख राही.

सातव्या महिन्याची पौर्णिमा ही तर सर्वसाधारण लोकांची तिथि. ताओ पंथाचे लोक तिला चुंग-युआन म्हणतात. बौद्ध लोक त्याच दिवशीं उल्लंबन करितात. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन यानें आपली आई प्रेतयोनींत भुकेनें तळमळत असलेली पाहिली व भिक्षुसंघास अन्नदान करून तिला सोडविलें, ही त्या दिवसाची कथा होय. तेव्हां या चिनी सणाचा एक धागा आपल्याच देशांतून गेलेला आहे. पालि वाङ्मयांतील ‘तिरोकुड्ड’ सुत्तांत मृत नातलग भिंतीबाहेर व चवाठ्यावर येऊन घांसाची वाट पाहत उभे राहतात असें वर्णन आहे, तें या समजुतीचें फार जुनें भारतीय रूप समजावें.

या सणांतील एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. घरच्या पितरांचें अन्न घरांत, देव्हाऱ्यापुढें मांडतात. परक्या प्रेतांचें अन्न दाराबाहेर, रस्त्याच्या कडेस. पाण्यांत मेलेल्यांसाठीं नदींत दिवे सोडतात. या परक्यांस भूत म्हणत नाहींत. तैवान बेटांत व दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर त्यांस ‘चांगले भाऊ’ असें म्हणण्याची रीत आहे. ज्याची धास्ती त्यास चांगल्या नांवानें हांक मारावयाची, हा मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. आमच्या बायका सापास ‘जिवाणू’ व देवीच्या फोडांस ‘माता आल्या’ असें म्हणतात तें यामुळेंच. तैवानांत तर याच्याहि पुढची पायरी दिसते. शेतांत, ओढ्यांत बेवारस हाडें सांपडलीं म्हणजे तीं गोळा करून त्यांवर एक लहानसें देऊळ उभारतात. आरंभीं तें केवळ शांतीसाठीं असतें. पुढें कोणी नवस बोलतो, तो फळतो, आणि मग त्या हाडांच्या मालकास ‘हांकेस ओ देणारे महाराज’ अशा अर्थाचें नांव मिळून यात्रा भरूं लागते. दया, भीति, नवस, देवपण, असा हा क्रम आहे.

आतां आपल्या घरीं यावें. श्राद्धाचा विधि म्हणजे केवळ तीन पिढ्यांच्या पितरांची सोय अशी सर्वांची समजूत असते. पण पद्धतींच्या पोथ्या नीट वाचल्या तर त्यांत परक्यांसाठीं ठेवलेल्या वाटा जागोजाग दिसतात. श्राद्धांत ‘विकिर’ म्हणून जमिनीवर जें अन्न विखरतात तें ज्यांस अग्निसंस्कार मिळाला नाहीं त्यांच्यासाठीं. तर्पणाच्या शेवटीं स्नानाचें वस्त्र पिळून जें पाणी सोडतात तें कुळांत निपुत्रिक मेलेल्यांसाठीं. ज्यांचें कोणीच नाहीं त्यांस धर्मपिंड. माघ शुद्ध अष्टमीस भीष्माचें तर्पण सर्वांनीं करावें असें सांगितलें आहे, तें तो निःसंतान गेला म्हणून; म्हणजे सबंध समाजानें एका निपुत्रिकाचें पुत्रत्व पत्करिलें आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस घातचतुर्दशी म्हणतात. ती शस्त्रानें वा अपघातानें मेलेल्यांची तिथि होय. तिच्या दुसऱ्या दिवशीं सर्वपित्री अमावास्या, म्हणजे ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांचीहि सोय झाली. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (इ. स. १६१२) व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (इ. स. १७९०) हे ग्रंथ महाराष्ट्रांत घरोघर प्रमाण मानले जात. परागंदा मनुष्याची ठराविक वर्षें, बहुधा बारा, वाट पाहून नंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नि द्यावा, हा पालाशविधिहि अशाच ग्रंथांतला.

हे नियम कोरडे नाहींत, हें पानिपत आठवलें म्हणजे कळतें. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं दक्षिणेंतील किती घरांतला कर्ता पुरुष नाहींसा झाला! प्रेत नाहीं, तिथि नाहीं, साक्षीदार नाहीं. भाऊसाहेबांची स्त्री पार्वतीबाई हिनें पतीचें मरण शेवटपर्यंत मानलें नाहीं. आणि पुढें भाऊसाहेबांचा तोतया उभा राहून सारें राज्य हालविलें, तें याच संशयाच्या बळावर. ज्या मृतास ठिकाण मिळालें नाहीं तो जिवंतांस स्वस्थ बसूं देत नाहीं, हें त्सु-चानचें म्हणणें राजकारणासहि लागू पडतें.

पुण्यांतील दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला. त्यांच्या पिशाचाची बाधा दुसऱ्या बाजीरावास होत असे, आणि तिच्या शांतीसाठीं त्यानें पुण्याभोंवतीं आमराया लाविल्या व पंढरपुरास दानधर्म केला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी कीं खोटी हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें तिचें कालमान. खून झाल्यानंतर बावीस वर्षें पिंड देणारा वंश होता; इ. स. १७९५ त सवाई माधवरावांच्या मृत्यूनें तो तुटला. आणि ज्याच्या बापावर खुनाचा आरोप होता तोच पुढच्या वर्षीं गादीवर आला. पिशाचाची गोष्ट चिकटली ती नेमकी त्याला. पो-यूच्या प्रकरणाशीं इतका जवळचा जोड चीनबाहेर दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं.

शास्त्राच्या या सर्व वाटा गोत्र, नांव व अधिकार यांवरून जातात. कुणबी, धनगर, रामोशी यांच्या घरीं हें काम निराळ्या साधनांनीं होई व अजूनहि होतें. देव्हाऱ्यांत चांदीच्या टाकांमध्यें पूर्वजाचा किंवा वीराचा टाक बसवितात. घरांतला तरणा पोर अकालीं गेला तर त्याचा ‘वीर’ होतो. नाशकास धुळवडीच्या दिवशीं असे वीर मिरवीत नेतात. गांवाबाहेरच्या वीरगळांचें प्रयोजनहि यांतच पाहावें. खालच्या पट्टींत लढाई, मधल्या पट्टींत अप्सरांनीं वीरास वर नेणें, वरच्या पट्टींत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, ही मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा अर्थ केवळ गौरव असा नसून, शस्त्रानें मेलेल्या या मनुष्यास आतां ठिकाण मिळालें आहे, तो भटकत नाहीं, अशी ती ग्वाहीहि आहे. ज्यांस ठिकाण मिळालें नाहीं त्यांची जातवारी मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ, ब्रह्मसंबंध अशी आहे. त्या सर्वांवर राजा वेताळ. चीनमध्यें जें काम छंग-ह्वांगाकडे आहे तें दख्खनच्या खेड्यांत वेताळाकडे आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

इतकी पूर्वपीठिका ध्यानांत घेऊन शिरूरकडे पाहिलें म्हणजे कोडें सुटतें. वसईच्या तहानंतर (ता. ३१ डिसेंबर १८०२) पेशव्यांच्या खर्चानें ठेवलेली इंग्रजांची फौज शिरुरास राहूं लागली. वॉलेस असईच्या लढाईंत (१८०३) वेलस्लीच्या हाताखालीं होता. पुढल्या वर्षीं चांदवड व त्या बाजूचे होळकरांचे किल्ले त्यानें घेतले. म्हणजे तो शस्त्रावर जगणारा, मोठा अधिकार भोगलेला, आणि हजारों कोस दूर परक्या मातींत पडलेला पुरुष. त्याच्या मागें त्या गांवांत त्यास घांस घालणारें कोणी नव्हतें, आणि छावणीचे गोरे अधिकारी वर्षां-दोन वर्षांनीं बदलणारे. त्सु-चानच्या कसोटीस यांतली प्रत्येक गोष्ट उतरते. गांवानें त्यास गांवच्या देवांच्या पंक्तीस बसविलें, नव्या धान्यांत वांटा दिला व चांगलें नांव दिलें. ‘सत्पुरुष’ हें नांव ‘चांगले भाऊ’ या नांवाच्या जातीचें आहे.

ब्राह्मण व मारवाडी या पूजेंत नव्हते, याचाहि उलगडा यावरून होतो. नव्या धान्याचा वांटा देतो तो पेरणारा. ज्यांचा व्यवहार नांगराशीं नसून पोथीशीं व वहीशीं, त्यांचें पीक वॉलेसनें राखावयाचें नव्हतें. आणि परक्या मृतांसाठीं ब्राह्मणाच्या घरीं विकिर व धर्मपिंड होतेच.

यावर कोणी म्हणेल कीं वॉलेस खरोखरच भला असेल, तर त्यास नाकारण्याचें कारण काय? आम्ही नाकारीत नाहीं. हैदराबादेस निजामाच्या फौजेचा फ्रेंच सरदार रेमाँ इ. स. १७९८ त मेला. तो लोकप्रिय होता हें निर्विवाद आहे, आणि त्याच्या कबरीस हिंदु ‘मूसा राम’ व मुसलमान ‘मूसा रहीम’ म्हणून मान देत आले. पण भलेपणा हेंच कारण असतें तर तिनेवेल्लीकडील कॅप्टन पोल याची पूजा झाली नसती. हा त्रावणकोरच्या तटावरील हल्ल्यांत प्राणघातक जखमी झाला, तोहि वॉलेसच्याच वर्षीं, १८०९ त. लोकांवर त्याचे उपकार कोणते? तरी त्याच्या थडग्यावर लोक दारू व चिरूट ठेवीत, कारण जिवंतपणीं त्यास तेंच आवडत असणार असा त्यांचा हिशेब! मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट हे दापोडीस इ. स. १८३८ त वारले. त्यानंतर पुण्याच्या सरकारी वाड्यावरील पहारेकरी अंधार पडल्यावर पुढच्या दारानें बाहेर पडणाऱ्या मांजरास गव्हर्नरसाहेब समजून सलामी देत, व हा हुकूम एका पहाऱ्याकडून दुसऱ्या पहाऱ्याकडे तोंडी जाई. ही गोष्ट एका इंग्रज सेनापतीनेंच आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. तिन्ही ठिकाणीं समान आहे तें परदेशीं मरण व बेवारस अधिकार. पुण्याई ही पूजेचें कारण नव्हे. फार तर पूजेंत मिळणाऱ्या नांवाचें कारण.

खुद्द चीनमध्येंहि असा एक सरदार आहे. क्वान-यू हा सेनापति इ. स. २२० च्या सुमारास शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. त्याचें पिशाच आपलें मस्तक मागत हिंडत होतें व एका भिक्षूनें त्यास शांत केलें, अशी कथा आहे. तोच पुढें युद्धाचा, सचोटीचा व व्यापारी करारांचा देव झाला. त्याला भेटण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं: मुंबईंत माझगांव येथें चिनी खलाशी व व्यापारी यांनीं इ. स. १९१९ त बांधलेल्या देवळांत तो बसलेला आहे.

शिरूर तालुका व त्याची शींव ही अशा स्मरणांनीं भरलेली भूमि आहे. वढू बुद्रुक येथें संभाजी महाराजांची समाधि. शत्रूच्या कैदेंत हालहाल करून मारलेल्या (११ मार्च १६८९) छत्रपतीस प्रजेनें दिलेलें तें ठिकाण. पाबळास मस्तानीची कबर (१७४०). तिला पेशव्यांच्या कुलाचारांत जागा नव्हती, ती पाबळच्या मातीनें दिली. शिरूरच्याच छावणींतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं निघालेली पलटण दुसऱ्या दिवशीं कोरेगांवीं लढली, आणि तेथें पडलेल्या शिपायांचीं नांवें जयस्तंभावर कोरलीं गेलीं. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले. आज त्या दिवशीं तेथें लक्षावधि लोक जमतात. या थोर मृतांस आम्ही भूतयोनींत ढकलतों असा कोणी विपर्यास करूं नये. ज्यांस नेहमींच्या रीतीनें निरोप मिळाला नाहीं त्यांस लोक आपण होऊन जागा व तिथि देतात, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

संग्राहक मित्रांस यासंबंधीं एक सूचना करावीशी वाटते. वीरगळ उचलून ओसरीवर आणून ठेवण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. शिळा सुरक्षित राहते हें खरें; पण तिला तेल कोणत्या घराचें, नारळ कोणत्या अमावास्येस, पहिली जोंधळ्याची कणसें कोण आणून ठेवी, हें सारें जागेवरच राहतें आणि एका पिढींत नष्ट होतें. चिनी हिशेबानें पाहिलें तर ठिकाण मिळालेल्या मृतास आपण पुन्हां बेघर केलें. तीच गोष्ट रुमालांतील कागदांची. सनदा व महजर निवडून घेतांना श्राद्धाच्या खर्चाच्या याद्या, कुळाचाराचीं टिपणें, देवऋष्यानें सांगितलेल्या उताऱ्यांचीं चिटोरीं रद्दींत जातात. मृताचें नांव, तिथि व त्यास घांस घालणारें घर हीं तिन्ही एकत्र मिळतात तीं बहुधा अशाच चिटोऱ्यांत. शिळा हलविण्यावांचून गत्यंतर नसेल तर निदान तिच्या पुजाऱ्याची जबानी त्याच दिवशीं लिहून घ्यावी, व शेजारच्या शेताचें नांव आणि तिथि तींत अवश्य असावी. वॉलेसच्या लढायांचे कागद विपुल आहेत. त्याच्या वांट्याच्या धान्याबद्दल आपल्यास जें कळतें तें मात्र गॅझेटियरकारानें शिरूरच्या कोणा तरी शेतकऱ्यास विचारून लिहिलेल्या दोन-चार ओळींमुळें.